लेकराला दूध सोसेना तेव्हा



शेतकऱ्याच्या घरी दूध म्हणजे लक्ष्मी. पाहुण्याला पाण्याआधी दुधाचे विचारावे, बाळंतिणीला तांब्याभर पाजावे, आजारातून उठलेल्या लेकराच्या तोंडाला पेला लावावा, हीच आपली रीत. सुनेने पेला बाजूला सारला तर आपल्याला तो आपलाच अपमान वाटतो. मलाही तसेच वाटत असे. पण दूध पचवणारी वस्तू माणसाच्या पोटात नेमकी कोठे असते, हे कळायला मला साठ वर्षे लागली. ते आधी कळले असते तर सुनेला मी बोल लावले नसते. आतड्याच्या अस्तराची थोडी अधिक माहिती त्या काळी घरात असती, तर कदाचित आणखीही काही वाचले असते. तेही आज सांगणार आहे. सांगताना हात थांबतो, पण तुमच्यापैकी एखादीच्या घरी आज लेकरू जुलाबाने निजून असेल, म्हणून लिहिते.

आमचे गाव सेवाग्रामच्या दवाखान्यापासून पाच-सहा कोसांवर. कपाशी, तूर, सोयाबीन ही आमची पिके. दावणीला एक गवळाऊ गाय आणि दोन म्हशी. माझी सून २०१६ साली घरात आली. कामाला वाघीण, बोलायला गोड. एकच खोड मला दिसली, ती दूध घेत नसे.

"काहून वं, दूध काय इख आहे का?" मी एकदा विचारले.

"आई, मले दूध सोसत नाही. पोटात गुडगुड करते, मग सारखं बाहेर पळावं लागते," ती म्हणाली.

पण हीच मुलगी वाटीभर दही खाई, ज्वारीच्या कण्या ताकात कालवून दोनदा घेई, आणि तिला काही होत नसे. दही चालते आणि दूध चालत नाही, हे कसले पोट? मी शेजारणीला म्हटले, आजकालच्या पोरींचे नखरे, दुसरे काय. ते सुनेच्या कानावर गेले. ती काही बोलली नाही, पण त्या दिवसापासून माझ्यापुढे दही वाढून घेणेसुद्धा तिने कमी केले.

पुढे नातू झाला. २०१९ च्या श्रावणात तो चौदा महिन्यांचा होता. नुकता उभा राहून भिंत धरून चालायचा. त्याला जुलाब लागले. आशाताईंनी लगेच क्षार-साखरेची पुडी आणि जस्ताच्या गोळ्या दिल्या. सुनेने चमच्या-चमच्याने पाणी पाजून लेकरू सांभाळले. चार-पाच दिवसांत पाण्यासारखे जुलाब थांबले. पण पोर पार सुकले होते. मला वाटले, आता याला दूध पाजून उभे करू. म्हशीचे घट्ट दूध, दिवसातून तीनदा, पेला भरून.

झाले उलटेच. दूध पोटात गेले की घटकाभरात पोट नगाऱ्यासारखे फुगे, लेकरू पाय पोटाशी घेऊन रडे, आणि मग फेसाळ, आंबट वासाची शी होई. ढुंगण लालेलाल झाले. जुलाब सुरू होऊन दोन आठवडे उलटले तरी पोट बसेना. मी पाव पेला वाढवला. तेवढ्याने भागेना म्हणून सुनेला म्हटले, "तुझं अंगावरचं दूधच बाधते त्याले. ते तोड."

त्या दिवशी सुनेने मला पहिल्यांदा 'नाही' म्हटले. आवाज चढवला नाही, पण मुलाला छातीशी धरून बसून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्याला कडेवर घेतले आणि सेवाग्रामला निघाली. मी रागातच मागोमाग एस.टी.त चढले.

कस्तुरबा रुग्णालय आमच्या भागाला नवे नाही. डॉ. सुशीला नायर यांनी १९४५ साली ते सुरू केले आणि १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, त्याला जोडून वैद्यकीय महाविद्यालय निघाले. लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी नातवाला तपासले. शीमध्ये रक्त नव्हते, ताप नव्हता. मग त्यांनी मला विचारले, "आजी, काय काय पाजता?" मी अभिमानाने म्हशीच्या दुधाचे सांगितले.

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "दूध चांगलंच आहे आजी. पण ते पचवणारी जागा सध्या सोलून निघाली आहे. ती भरून येईपर्यंत वरचं दूध कमी करा. त्याऐवजी दही द्या, मुगाची मऊ खिचडी द्या, वरून थोडं तेल किंवा तूप. आणि आईचं दूध अजिबात तोडू नका."

सुनेने माझ्याकडे पाहिले नाही. मीच खाली पाहिले.

'सोलून निघालेली जागा' हे शब्द माझ्या डोक्यात राहिले. त्याचा उलगडा पुढच्या महिन्यात झाला. तुम्हांला ठाऊक असेल, सेवाग्रामच्या महाविद्यालयात दरवर्षीच्या मुलांची तुकडी आसपासचे एक गाव दत्तक घेते, आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही घरे असतात. आमच्या घरी येणारी मुलगी वयाने लहान, पण समजावून सांगण्यात हुशार. मी तिला म्हटले, "बाई, ती जागा कोठे असते ते मला नीट सांग."

तिने दोरीवर वाळत असलेला टॉवेल ओढून घेतला, तो रेघांचा नव्हे, धाग्यांच्या फासांचा लुसलुशीत. म्हणाली, "आजी, आपलं लहान आतडं म्हणजे साधारण वीस फूट लांबीची नळी. तिची आतली बाजू गुळगुळीत नसते, अशी या टॉवेलसारखी असते. असे बोटांसारखे बारीक उंचवटे दाटीवाटीने उभे. एकेक उंचवटा जास्तीत जास्त मिलिमीटरभर उंच. त्या उंचवट्यांवर पेशींचा एक थर असतो आणि प्रत्येक पेशीच्या तोंडाला ब्रशाच्या केसांसारखी आणखी बारीक झालर असते. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. दूध पचवणारं लॅक्टेज त्या झालरीवर बसलेलं असतं."

शाळेच्या पुस्तकात अशा पदार्थाला विकर म्हणतात. विकरे पुष्कळ आहेत. तोंडातल्या लाळेत असतात, जठराच्या रसात असतात, स्वादुपिंडाच्या रसात असतात. ती रसाबरोबर वाहत येऊन अन्नात मिसळतात, पाटाचे पाणी वावरात शिरावे तशी. लॅक्टेजचे तसे नाही. ते वाहत नाही. ते पेशीच्या कडेला घट्ट रोवलेले असते आणि त्याचे तोंड अन्नाच्या बाजूला असते. दूध त्याच्याजवळून गेले तरच काम होते. तेही साऱ्या नळीभर सारखे नसते. लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीला थोडे, मधल्या भागाच्या वरच्या अंगाला सर्वांत जास्त, आणि शेवटाकडे पुन्हा अगदी कमी. जठरात नाही आणि मोठ्या आतड्यातही आपले स्वतःचे लॅक्टेज नाही.

याचे काम काय? दुधात स्वतःची एक साखर असते, तिला लॅक्टोज म्हणतात. ती दोन लहान साखरा जोडून झालेली असते. जोडलेली असताना ती आतड्याच्या भिंतीतून आत जाऊ शकत नाही. लॅक्टेज तो जोड तोडते आणि सुट्या झालेल्या साखरा रक्तात जातात. जोड तुटला नाही तर साखर तशीच पुढे सरकते, आपल्याबरोबर पाणी ओढून घेते, आणि मोठ्या आतड्यात पोचली की तिथले जंतू तिला आंबवतात. मग वायू धरतो, गुडगुडते, फेसाळ आंबट शी होते. माझ्या नातवाचे तंतोतंत हेच झाले होते.

आता आपल्या वावरातलेच उदाहरण घ्या. ज्वारीचे धाट बुडापासून वाढते, पण कणीस येते शेंड्याला. आतड्याच्या उंचवट्याचेही तसेच आहे. नवी पेशी बुडाशी खळग्यात जन्मते, वर वर सरकते आणि तीन ते पाच दिवसांत शेंड्याला पोचून गळून पडते. बुडाशी असताना तिच्यावर लॅक्टेज नसते. ती वर चढून पक्व झाली की मगच ते येते. जुलाबाचा रोग म्हणजे उभ्या पिकात शिरलेली मोकाट जनावरे. ती शेंडे खुडून जातात. बूड शाबूत असते, फुटवे येतात, पण फुटवा आला त्याच दिवशी कणीस निसवत नाही. मुलाचे जुलाब थांबले म्हणजे जनावरे बाहेर गेली, एवढेच. दाणा भरायला आणखी काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. आणि मी नेमकी त्याच वेळी पेल्यावर पेले ओतत होते.

मी तिला विचारले, "मग आईचं दूध कसं चालते? त्यात ही साखर नाही का?" ती म्हणाली, "आहे ना आजी. म्हशीच्या दुधापेक्षाही जास्त आहे. पण लेकरू ते थोडं थोडं, पुष्कळ वेळा ओढतं. शिवाय त्यात रोगाशी लढणारी आणि अस्तर भरून यायला मदत करणारी द्रव्यं असतात. ती बाहेरच्या कोणत्याच दुधात मिळत नाहीत." सुनेने मुलाला छातीशी धरून ठेवले होते, ते तिच्या जिवाने ओळखलेले खरे होते.

आणि सुनेचे स्वतःचे पोट? त्याचाही उलगडा तेव्हाच झाला. तान्ह्या लेकरात लॅक्टेज भरपूर असते, कारण दूध हेच त्याचे अन्न. अंगावरचे सुटल्यावर, काही वर्षांत, पुष्कळ माणसांत ते आपोआप कमी होत जाते. हा रोग नव्हे. जगातल्या निम्म्याहून अधिक मोठ्या माणसांत असेच होते. उरलेल्यांत ते जन्मभर टिकते, आणि ते टिकणे किंवा न टिकणे आईबापांकडून येते. आपल्या देशात वायव्येकडच्या भागात ते टिकलेली माणसे जास्त आढळतात, आणि दक्षिणेकडे व पूर्वेकडे जावे तसतशी कमी होतात. एकाच घरात सासूला दूध सोसते आणि सुनेला सोसत नाही, यात नवल काहीच नाही. आम्हां दोघींचे आईबाप वेगळे.

दह्याचे कोडेही सुटले. विरजणातले जंतू दुधातली काही साखर आधीच आंबवून टाकतात, आणि त्यांच्याजवळचे तसलेच विकर पोटात गेल्यावरही थोडे काम करते. म्हणून दही सोसते. ताकात पाणी घातलेले, म्हणून ते आणखी सौम्य. तुपात ही साखर जवळजवळ नसतेच. पनीरमध्ये कमी, कारण ती निवळीबरोबर निघून जाते. खव्यात मात्र आटून घट्ट झालेली असते. आपल्या आजीपणजीने कढी, ताक, कण्या यांवर घर चालवले, ते काही केवळ गरिबीमुळे नव्हे, असे आता मला वाटते.

यावर आमच्या गावात एक म्हणणे हमखास निघते. शेळीचे दूध द्या, ते हलके, बापू तेच घेत. सेवाग्रामच्या परिसरात बापूंचे नाव आले की वाद संपतो. पण खरी हकीकत वेगळी आहे. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत असताना १९१२ साली दूध सोडले होते. गाईम्हशींचे दूध अधिक निघावे म्हणून त्यांच्यावर होणाऱ्या क्रूर प्रकाराची माहिती वाचून त्यांना दुधाचा वीट आला होता, आणि दूध हे माणसाचे अन्न नव्हे असेही त्यांचे मत झाले होते. १९१८ साली खेडा जिल्ह्यात त्यांना आमांशाने गाठले आणि ते मरणाच्या दारात गेले. डॉक्टर म्हणाले, दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही. तेव्हा कस्तुरबांनी वाट काढली. नवस करताना मनात गाय-म्हैस होती, शेळी नव्हती, मग शेळीचे घ्यायला काय हरकत? १९१९ च्या सुरुवातीला ते शेळीचे दूध घेऊ लागले. नवसाचा आत्मा आपण मोडला, ही टोचणी त्यांनी पुढे आत्मकथेत लिहून ठेवली. १९३६ साली ते आमच्या शेगावला राहायला आले, ज्याचे १९४० साली सेवाग्राम झाले, तेव्हाही शेळीचे दूध चालूच होते. म्हणजे ती पसंती व्रतातून आलेली, पोटाच्या शास्त्रातून नव्हे. शेळीच्या दुधातही ही साखर जवळजवळ गाईच्या दुधाइतकीच असते. ज्याला लॅक्टेज कमी, त्याला शेळीनेही फारसे वाचवता येत नाही.

आता जे सांगताना हात थांबतो ते.

माझी पहिली मुलगी १९७८ साली झाली. १९७९ च्या पावसाळ्यात तीही चौदा महिन्यांची होती. तिला हगवण लागली. आमच्या घरात त्या काळी एकच समजूत होती. वरून घातले की खालून जाते, तेव्हा सगळे बंद करा. दूध बंद, पाणी बंद. ओठ कोरडे पडले, डोळे खोल गेले, रडताना डोळ्यांत पाणी येईना. ती पाण्याच्या गडव्याकडे हात करी आणि मी गडवा बाजूला ठेवी. मीच ठेवी. तिसऱ्या दिवशी घरच्यांनी बंडी जुंपली, तर नाल्याला पूर. पूर उतरायच्या आधी ती माझ्या मांडीवरच गेली. दोष मी कोणाला देत नाही. आम्हांला ठाऊक नव्हते.

पण जगाला ठाऊक झाले होते, हे मला चाळीस वर्षांनी त्या विद्यार्थिनीकडून कळले. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली. पश्चिम बंगालमधल्या बनगावला सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज साखर पाण्यात कालवून ते पाणी पिंपांतून वाटले, आणि आयाबहिणींनी ते आपल्या माणसांना पाजले. शेकडा तीसच्या घरात असलेले मृत्यू शेकडा चारच्याही खाली आले. डॉक्टर २०२२ साली वारले, आणि २०२३ साली सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

हे पाणी जुलाबातही आत कसे शिरते, याचे उत्तर पुन्हा त्याच अस्तरात आहे. दुधाची साखर तोडणारे लॅक्टेज शेंड्यावर असते, म्हणून ते आधी जाते. पण त्याच पेशींत ग्लुकोज आणि मीठ यांना मिळून आत घेणारे एक दार असते. ते जुलाबातही पुष्कळसे उघडे राहते. साखर आणि मीठ योग्य मापाने एकत्र आले की ते दारातून आत जातात आणि पाणी त्यांच्या पाठोपाठ जाते. माझ्या लेकीच्या आतड्यातले ते दार उघडे असेल. मी गडवा दूर ठेवला होता.

म्हणून, बंधुभगिनींनो, एवढे लक्षात ठेवा. जुलाब लागले की पाणी बंद करू नका. क्षार-साखरेची पूर्ण पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात मिसळा, चमच्या-चमच्याने पाजा, आणि चोवीस तासांनी उरलेले फेकून नवे करा. पुडी मिळेपर्यंत एक लिटर पाण्यात साखरेचे सहा सपाट लहान चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट लहान चमचा घाला, मीठ त्याहून जास्त नको. जस्ताच्या गोळ्या पोट बसले तरी चौदा दिवस पुऱ्या करा. आईचे दूध तोडू नका, खाणे तोडू नका. साध्या जुलाबात बहुतेक मुलांना वरचे दूधही चालते, उगीच सोडवू नका. पण दुधानंतर दर वेळी पोट फुगत असेल, फेसाळ आंबट शी होत असेल, किंवा जुलाब दोन आठवड्यांपर्यंत लांबले असतील, तर डॉक्टरांना दाखवा. शीमध्ये रक्त, खोल गेलेले डोळे, लघवी बंद, लेकरू पाणीही घेईना, असे दिसले तर क्षणभर थांबू नका.

मोठ्या माणसाला दूध सोसत नसेल तर पेला एकदम भरून देऊ नका. जेवणाबरोबर थोडे थोडे घेऊन पाहावे. अशा पुष्कळांना पेलाभर दूध जेवणाबरोबर सोसते. नाही सोसले तर दही-ताक आहेच. ज्यांना दूध सोसते त्यांनी ते जरूर घ्यावे. आणि वजन घटत असेल, रक्त पडत असेल, ताप असेल, तर दुधाला दोष देत घरी बसू नका.

दह्या-खिचडीवर नातवाचे पोट आठवडाभरात बसले. महिन्याभराने वरचे दूध चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू केले आणि ते सोसले. आता तो शाळेत जातो आणि सकाळी पेलाभर दूध घटाघटा पितो. त्याची आई अजूनही पीत नाही. सेवाग्रामहून परत येताना एस.टी.त मी तिला म्हटले होते, "चुकलं वं माझं." ती म्हणाली, "जाऊ द्या ना आई, तुमाले तरी कोणी सांगितलं होतं?"

आता सकाळी ताक घुसळले की पहिला गडवा मी तिच्यापुढे ठेवते.